जॅझची ध्वनिमुद्रणं ऐकताना आणि जॅझचा इतिहास वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. सुरुवातीचे प्रश्न नव्याने ऐकणाऱ्यांचे आहेत, पुढचे हळूहळू किचकट होत जातात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय जोडलेला आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जॅझ अजिबात ऐकलेलं नाही. पहिल्यांदा काय ऐकू?

सहा ध्वनिमुद्रणं पुरेत, पण ती काळाच्या क्रमाने ऐका. लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' (२८ जून १९२८), ड्यूक एलिंग्टनचं 'को-को' (६ मार्च १९४०), चार्ली पार्करचं 'को-को' (२६ नोव्हेंबर १९४५), माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९), पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीचं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं वादन (२५ जून १९६१) आणि जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' (९ डिसेंबर १९६४).

दोन 'को-को'ंमुळे गोंधळू नका. नाव सारखं असलं तरी संगीत वेगळं आहे. एलिंग्टनचं मायनरमधलं बारा बारांचं (बार म्हणजे मात्रांचा एक गट) ब्लूज आहे. पार्करचं 'चेरोकी' या लोकप्रिय गाण्याच्या कॉर्ड्सवर बांधलेलं आहे. स्ट्रीमिंगवर नुसतं नाव टाकून शोधलं तर भलतंच वाजतं, म्हणून नाव, वादक आणि तारीख तिन्ही एकत्र शोधा.

एकेक ध्वनिमुद्रण निदान तीनदा ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या तीन तर जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या आहेत.

२. 'नीट ऐका' असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

मोजायचं. जॅझमधला बहुतेक सोलो एका ठराविक चौकटीवर फिरतो, आणि त्या चौकटीच्या एका आवर्तनाला कोरस म्हणतात. ब्लूजचा कोरस बहुधा बारा बारांचा, प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. लोकप्रिय गाण्यांचा कोरस बहुधा ३२ बारांचा असतो.

'वेस्ट एंड ब्लूज' घ्या. सुरुवातीला साथीशिवाय एकट्या ट्रंपेटचा छोटा प्रवेश आहे. त्यात मात्रा मोजू नका. बँड आत आला की मोजायला लागा. पहिला कोरस सगळ्यांचा, दुसरा ट्रॉम्बोनचा, तिसरा क्लॅरिनेट आणि आर्मस्ट्राँगच्या आवाजाचा संवाद, चौथा अर्ल हाइन्सचा पियानो. पाचव्यात आर्मस्ट्राँग एकच उंच सूर जवळजवळ चार बार धरून ठेवतो. तो सूर किती मात्रा टिकतो हे बोटांवर मोजा. या तबकडीबद्दल पानंच्या पानं का लिहिली गेली, ते मोजल्यावर कळतं.

'काइंड ऑफ ब्लू'मधल्या 'सो व्हॉट'मध्ये मोजणं आणखी सोपं आहे: १६ बार एका स्वरपंक्तीत, ८ बार अर्धा स्वर वर, ८ बार परत खाली. तो अर्धा स्वर चढताना ओळखू आला की सोलो वाजवणारा कुठे आहे हे कायम कळत राहतं. नवीन ऐकणाऱ्यांचा सगळ्यात मोठा अडथळा हाच असतो. सोलो 'हरवलेला' वाटतो, कारण ऐकणाऱ्याची जागा हरवलेली असते.

'अ लव्ह सुप्रीम'च्या शेवटच्या भागासाठी मात्र मोजणी सोडा. मुखपृष्ठाच्या आत छापलेली कोल्ट्रेनची प्रार्थना समोर ठेवा. तो सॅक्सोफोनवर ते शब्दच वाजवतो, आणि ओळींवर बोट ठेवून त्याच्या मागोमाग जाता येतं.

३. इतिहासाचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर?

एकच वाचू नका, दोन वाचा, आणि दृष्टी वेगळी असलेली निवडा. संगीत आतून उलगडून दाखवणारं एक: गुंथर शुलरचं 'अर्ली जॅझ' (१९६८). शुलर प्रत्यक्ष तबकड्या ऐकून, स्वरलेखन करून लिहितो, त्यामुळे त्याचं म्हणणं तुम्ही कानाने तपासू शकता. संगीतामागचा समाज दाखवणारं दुसरं: अमिरी बराकाने लेरॉय जोन्स या नावाने लिहिलेलं 'ब्लूज पीपल' (१९६३). शुलरला तबकडीवर जे आहे त्यात रस आहे, बराकाला ती तबकडी कोणी, कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत वाजवली त्यात. दोघांनी एकाच काळाबद्दल काय लिहिलंय ते शेजारी ठेवलं की कोण काय गाळतो हे आपोआप दिसतं.

सलग सर्वसाधारण इतिहास हवा असेल तर टेड जोयाचं 'द हिस्टरी ऑफ जॅझ' (पहिली आवृत्ती १९९७) बरं आहे.

४. जगातली पहिली जॅझ रेकॉर्ड कोणती?

प्रसिद्ध झालेल्यांपैकी सर्वसाधारणपणे मान्य असलेलं उत्तर: ओरिजिनल डिक्सीलँड जास बँडने २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी केलेलं 'लिव्हरी स्टेबल ब्लूज' आणि त्याची दुसरी बाजू. न्यू ऑर्लिन्सचे पाच गोरे वादक. 'जॅझ' हा शब्द कसा लिहायचा हे तेव्हा ठरलेलं नव्हतं, म्हणून 'जास'.

पण 'पहिली रेकॉर्ड' आणि 'पहिलं जॅझ' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिली रेकॉर्ड कोणाची निघाली हे कंपनीने कोणाला स्टुडिओत बोलावलं यावर ठरलं. संगीत कोणी घडवलं हा निराळा प्रश्न. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय बँडपैकी किड ओरीच्या बँडचं ध्वनिमुद्रण १९२२ मध्ये लॉस एंजेलिसला झालं, आणि किंग ऑलिव्हरच्या बँडचं एप्रिल १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी, जेनेट कंपनीत. पुस्तकात 'जॅझचा जन्म १९१७' असं दिसलं तर लेखक तबकडीच्या जन्माबद्दल बोलतोय.

५. ज्याचं रेकॉर्डिंगच नाही, त्याचा इतिहास कसा लिहायचा?

या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांबलं तरी चालेल.

बडी बोल्डन हा न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच वारला. त्याचा एकही आवाज उपलब्ध नाही. तरी १९३९ च्या 'जॅझमेन' या पुस्तकापासून तो न्हाव्याचं दुकान चालवायचा, 'द क्रिकेट' नावाचं गावगप्पांचं पत्रक काढायचा, अशा गोष्टी छापून येत राहिल्या. डोनल्ड मार्क्विसने शहराच्या निर्देशिका, नोंदवह्या आणि दवाखान्याची कागदपत्रं चाळून १९७८ मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा यातल्या दोन्ही गोष्टी निराधार ठरल्या. ध्वनी नसतानाही कागद असतात, आणि कंटाळवाणा कागद रंगतदार आठवणीपेक्षा जास्त भार पेलतो.

दुसरी अडचण उलटी आहे. रेकॉर्ड असते, पण ती नेहमीच्या जीवनाचा आरसा नसते. आर्मस्ट्राँगचा हॉट फाइव्ह हा मुख्यतः स्टुडिओपुरता जमवलेला गट. रोज रात्री आर्मस्ट्राँग शिकागोत मोठ्या बँडबरोबर थिएटरात आणि नृत्यगृहात वाजवत असे, आणि त्या वादनाचं फारच थोडं आपल्या हाती आहे. फ्लेचर हेंडरसनचा बँड नृत्यगृहात वॉल्ट्झही वाजवायचा. कृष्णवर्णीय बँडकडून कंपन्यांना 'हॉट' माल हवा असे, म्हणून तबकड्यांवर तोच उरला. नुसत्या तबकड्यांवरून 'हा बँड असंच वाजवायचा' असा निष्कर्ष काढणारं वाक्य दिसलं की तिथे खूण करा.

तिसरी अडचण म्हणजे पोकळी. अमेरिकन वादक संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये. बीबॉप, म्हणजे पार्कर आणि गिलेस्पीची नवी जॅझशैली, नेमकं याच काळात घडत होतं, म्हणून 'बहिष्कारामुळे बीबॉपचं बालपण हरवलं' हे वाक्य पुस्तकापुस्तकांतून फिरतं. जॅझचा अभ्यासक स्कॉट डीव्हॉने ते तपासलं आणि बहिष्काराचं महत्त्व फुगवल्याचं दाखवलं. छोट्या कंपन्या मोठ्यांच्या आधीच कामाला लागल्या होत्या. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीला घेऊन अपोलो कंपनीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९४४ चं आहे. पोकळी खरी आहे, पण पुस्तकात सांगतात तेवढी रुंद नाही.

६. पुस्तक वाचताना पेन्सिलीने नेमकं काय करावं?

एक प्रकरण निवडा. लेखक जिथे जिथे घटना सांगतो (मत नव्हे), तिथे समासात एक अक्षर लिहा. 'स' म्हणजे समकालीन पुरावा: त्या वर्षीचं वर्तमानपत्र, करारपत्र, ध्वनिमुद्रणाची नोंद. 'आ' म्हणजे नंतरची आठवण. 'दु' म्हणजे दुसऱ्या पुस्तकातून उचललेलं. काहीच आधार दिलेला नसेल तिथे 'शून्य'.

मग प्रत्येक 'आ'पुढे दोन आकडे लिहा: घटना कधीची आणि आठवण कधी सांगितली. ट्यूलेन विद्यापीठाने न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वादकांच्या मुलाखती १९५८ पासून घेतल्या. त्यात १९१० ची गोष्ट सांगणारा माणूस जवळपास पन्नास वर्षांनी बोलतोय. म्हणून ती फेकून द्यायची नाही. रस्ते, वाद्यं, कोण कोणाच्या शेजारी राहायचं, हे अशा आठवणींत बऱ्यापैकी टिकतं. वर्षं, 'पहिला कोण' आणि कोण काय म्हणालं याचे शब्दशः संवाद टिकत नाहीत.

'दु' आलं तर मागे जात राहा. अनेकदा तीन पुस्तकं एकमेकांना आधार देतात आणि तिघांच्याही मुळाशी एकच मुलाखत निघते. तो एकच साक्षीदार तीनदा मोजला जातोय.

ज्या प्रकरणात 'शून्य' आणि 'दु' मिळून निम्म्याहून जास्त होतात, त्याला गोष्टीचा मान द्या, पुराव्याचा नको.

७. स्वतः वादकाने लिहिलेलं आत्मचरित्र तर विश्वासार्हच ना?

तो तिथे होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं. गायिका बिली हॉलिडेचं 'लेडी सिंग्ज द ब्लूज' (१९५६) विल्यम डफ्टीने शब्दबद्ध केलं. पहिल्याच वाक्यात आई-वडिलांचं लग्न आणि वयं येतात, आणि तीच चुकीची आहेत. त्यांचं लग्न कधी झालंच नव्हतं. त्याच पुस्तकात 'स्ट्रेंज फ्रूट'च्या चालीत तिचा वाटा असल्याचं सुचवलंय. गाणं एबल मीरोपोलचं, शब्द आणि चाल दोन्ही. हॉलिडेने ते २० एप्रिल १९३९ रोजी कमोडोर कंपनीसाठी गायलं, कारण कोलंबियाने नकार दिला होता. त्या गाण्याला तिने जे दिलं ते तबकडीवर ऐकू येतंच.

आर्मस्ट्राँगचं उदाहरण अधिक बोलकं आहे. तो आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगत असे. १९१८ च्या सैन्यभरतीच्या कार्डावरही तीच तारीख आहे. सरकारी कागद, समकालीन, 'स' गटातला! तरी चूक, कारण कार्डावरची तारीख त्यानेच सांगितलेली. बाप्तिस्म्याची चर्चमधली नोंद १९८० च्या दशकात उजेडात आली आणि जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा ठरला. म्हणून प्रश्न ६ मधल्या खुणांना एक पुस्ती जोडा: कागदावरची माहिती कागद लिहिणाऱ्याला कोणी दिली?

पियानोवादक जेली रोल मॉर्टनने १९०२ मध्ये आपणच जॅझ शोधून काढल्याचा दावा केला आणि आपलं जन्मवर्ष १८८५ सांगितलं. कागदपत्रं १८९० कडे बोट दाखवतात. म्हणजे शोधाच्या वेळी तो बारा वर्षांचा. पण याच माणसाने १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्ससमोर पियानोवर बसून जुन्या शैली वाजवून दाखवल्या. त्याचं वाजवणं आणि त्याच्या तारखा यांना वेगवेगळे गुण द्या. लोमॅक्सचं १९५० चं पुस्तक वाचत असाल तर मूळ ध्वनिमुद्रणंही ऐका. पुस्तकात बोलणं जुळवून, सांधून घेतलेलं आहे.

८. 'स्टोरीव्हिल बंद झालं आणि जॅझ नदीवरून शिकागोला गेलं' हे खरं आहे का?

नकाशा उघडा. मिसिसिपी नदी शिकागोवरून वाहत नाही.

स्टोरीव्हिल ही न्यू ऑर्लिन्सची वेश्यावस्ती नौदलाच्या दबावाखाली नोव्हेंबर १९१७ मध्ये बंद झाली, एवढं खरं. पण फ्रेडी केपर्ड असलेला क्रिओल ऑर्केस्ट्रा १९१४ पासूनच व्हॉडव्हिलच्या (करमणुकीच्या फिरत्या रंगमंचाच्या) दौऱ्यांवर होता. प्रश्न ४ मधले डिक्सीलँडवाले १९१६ मध्ये शिकागोला पोचले होते. आर्मस्ट्राँग गेला ऑगस्ट १९२२ मध्ये, वस्ती बंद झाल्यावर जवळजवळ पाच वर्षांनी, आणि रेल्वेने. नदीवरच्या बोटींवर बँड होते, आर्मस्ट्राँगही फेट मॅरेबलच्या बँडमध्ये होता, पण त्या बोटी सेंट लुईच्या दिशेच्या. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय लोक काम आणि सुरक्षितता शोधत उत्तरेला चालले होते, त्यांच्यात वादकही होते आणि ऐकणारेही. हे कारण एका वस्तीच्या दाराला लागलेल्या कुलपाइतकं चित्रमय नाही, म्हणून मागे पडतं.

९. ब्लूज गायिका बेसी स्मिथला गोऱ्यांच्या रुग्णालयाने दाखल करून घेतलं नाही म्हणून ती गेली, असं वाचलंय. मग ते खोटं का म्हणतात?

२६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ तिच्या गाडीला अपघात झाला. संगीतनिर्माता जॉन हॅमंडने नोव्हेंबरच्या 'डाउन बीट' मासिकात ऐकीव माहितीवर ही कथा छापली आणि ती पसरली. नंतर त्या रस्त्याने जाणाऱ्या आणि तिथे थांबलेल्या डॉक्टरची साक्ष पुढे आली, आणि ख्रिस अल्बर्टसनच्या १९७२ च्या चरित्राने ती लोकांसमोर ठेवली. तिला थेट कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेलं होतं. जखमा प्राणघातक होत्या.

इथे एक सावधगिरी हवी. कथा खोटी ठरली म्हणून कथेमागचा अन्याय खोटा ठरत नाही. एकाच गावात कातडीच्या रंगानुसार दोन रुग्णालयं होती, ही वस्तुस्थिती दुरुस्त केलेल्या कथेतही तशीच उभी आहे. चुकीची घटना खोडताना बरोबर पार्श्वभूमी खोडू नका.

१०. एकाच अल्बमला दोन-दोन वर्षं का लिहिलेली असतात?

एक ध्वनिमुद्रणाचं, दुसरं प्रकाशनाचं. इतिहासासाठी दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या कामाला. वादक तेव्हा काय करत होता हे ध्वनिमुद्रणाच्या तारखेवरून कळतं. इतरांवर परिणाम कधी झाला असेल हे प्रकाशनाच्या तारखेवरून.

'१९५९ हे जॅझचं चमत्काराचं वर्ष' या वाक्यात ही दोन्ही मोजमापं मिसळलेली असतात. 'काइंड ऑफ ब्लू' मार्च-एप्रिलमध्ये वाजवला आणि ऑगस्टमध्ये बाजारात आला. कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'चा बहुतांश भाग मे १९५९ चा, पण तो लोकांच्या हाती पडला १९६० मध्ये. पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेनची कार्नेगी हॉलमधली मैफल २९ नोव्हेंबर १९५७ ची, टेप सापडली २००५ मध्ये. १९६० च्या वादकांवर त्या टेपचा प्रभाव पडला असं कोणी लिहिलं तर ते अशक्य आहे. मैफल प्रत्यक्ष ऐकलेल्यांवर पडला असेल.

११. मॅट्रिक्स नंबर, टेक नंबर ही काय भानगड आहे?

तबकडीच्या लेबलवरचा क्रमांक हा विक्रीचा. मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक हा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, आणि त्याला जोडलेला आकडा किंवा अक्षर म्हणजे कितवा टेक (एकाच धुनेचं कितवं वादन). एकाच विक्री क्रमांकाखाली कधी कधी वेगवेगळे टेक विकले गेलेत. त्यामुळे दोन समीक्षक एकाच नावाच्या वेगळ्या सोलोबद्दल भांडत असू शकतात.

तपासायला १९४० च्या आधीच्या तबकड्यांसाठी सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची सूची ऑनलाइन फुकट आहे. छापील हवी असेल तर ब्रायन रस्टची.

वादकांची नावं मात्र सूचीतही डोळे मिटून घेऊ नका. पार्करच्या 'को-को'च्या सत्रात पियानोवर कोण होतं याचा घोळ अनेक वर्षं चालला. माइल्स डेव्हिस त्या सत्रात होता, म्हणून 'को-को'चा ट्रंपेटही त्याचाच असं काही जण धरून चालतात. तो गिलेस्पीचा आहे.

१२. 'लाइव्ह' लिहिलेलं असेल तर ते खरंच लाइव्ह असतं का?

नेहमी नाही, आणि सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एलिंग्टनचं आहे. ७ जुलै १९५६ रोजी न्यूपोर्ट महोत्सवात त्याच्या बँडमधल्या पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ कोरस वाजवले. ब्लूजचे बारा बार धरले तर ३२४ बार. पण तो कोलंबिया कंपनीच्या नव्हे, व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या मायक्रोफोनसमोर उभा होता, त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर लांबून ऐकू येतो. त्या वर्षी निघालेल्या एलपीतला बराच भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चढवून बनवला होता. १९९९ च्या आवृत्तीत दोन्ही संस्थांच्या टेप एकत्र करून मूळ मैफल उभी केली. घ्यायची तर हीच घ्या.

टोरंटोच्या मॅसी हॉलमधल्या १५ मे १९५३ च्या मैफलीत बेस नीट उमटला नव्हता, म्हणून बेसवादक चार्ल्स मिंगसने नंतर स्टुडिओत तो वरून वाजवला. मुखपृष्ठावर पार्करचं नावही नव्हतं. दुसऱ्या कंपनीशी करार असल्याने तो तिथे 'चार्ली चॅन' आहे. वरून न वाजवलेली आवृत्तीही मिळते. दोन्ही लागोपाठ ऐकल्या की बेसचा फरक सहज पकडता येतो.

खोट्या टाळ्या ओळखायच्या असतील तर हेडफोन लावा. टाळ्या वाजत असताना बँडचा घुमारा बदलतो का ऐका. खऱ्या मैफलीत प्रेक्षकांचा बारीक आवाज सोलोच्या आतही असतो. चिकटवलेल्या टाळ्या धून संपताना येतात आणि पुढच्या आधी कापल्यासारख्या थांबतात.

सगळं अस्सल असलं तरी निवड असतेच. बिल एव्हान्सच्या २५ जून १९६१ च्या पाच फेऱ्यांतून पहिला अल्बम निवडताना बेसवादक स्कॉट लाफारो पुढे दिसेल अशाच धुना घेतल्या, कारण ६ जुलैला तो अपघातात गेला होता. त्या अल्बमवरून 'या त्रयीत बेसच प्रमुख होता' असं ठरवण्याआधी बाकीच्या फेऱ्याही ऐका.

१३. 'काइंड ऑफ ब्लू'बरोबर वाद्य लावून वाजवायला गेलो तर सूर जुळत नाहीत. दोष कोणाचा?

तुमचा नाही. २ मार्च १९५९ च्या सत्रात मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप बरोबर वेगाने वाजवली की सूर चढतो, म्हणून पहिल्या बाजूच्या तिन्ही धुना थोड्या वरच्या पट्टीत छापल्या गेल्या. दुसऱ्या बाजूचं सत्र २२ एप्रिलचं, ते ठीक आहे. १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरची राखीव टेप वापरून दुरुस्ती झाली. 'सो व्हॉट'च्या मुख्य भागाशेजारी ट्यूनरने लावलेला डी वाजवून पाहा. जुळला तर प्रत दुरुस्त केलेली आहे.

सुरुवातीच्या प्रतींवर 'ऑल ब्लूज' आणि 'फ्लॅमेंको स्केचेस' यांचा क्रमही उलटा छापला होता. जुनं परीक्षण वाचताना वर्णन धुनेशी जुळत नसेल तर हे आठवा.

१४. लाइनर नोट्स (अल्बमच्या वेष्टनावर छापलेला मजकूर) म्हणजे प्राथमिक साधन का?

समकालीन आहेत, पण माल विकणाऱ्या कंपनीने छापलेल्या. बिल एव्हान्स स्वतः वादक असूनही त्याने 'काइंड ऑफ ब्लू'च्या मजकुरात प्रत्येक धुनेचं पहिलंच पूर्ण वादन घेतल्याचं लिहिलं. 'फ्लॅमेंको स्केचेस'चा त्याआधीचा एक पूर्ण टेक नंतर प्रसिद्ध झाला, तेव्हा हे सर्व धुनांना लागू नाही हे उघड झालं. वातावरणासाठी नोट्स वाचा, तपशिलासाठी सत्राच्या नोंदी.

१५. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या डिजिटल करायच्या आहेत. कुठे चुकतं?

सुईत आणि वेगात. एलपीची सुई सुमारे ०.०२५ मिमी किंवा त्याहून बारीक, ७८ ची सुमारे ०.०७६ मिमी लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, खरखर वाढते आणि संगीत मागे जातं.

वेगाचं दुखणं जास्त फसवं असतं. १९२० च्या दशकातल्या अनेक तबकड्या नेमक्या ७८ ने कोरलेल्या नाहीत. ७४ ने कोरलेली ७८ ने वाजवली तर वेग सुमारे साडेपाच टक्के वाढतो आणि पट्टी जवळजवळ अर्धा स्वर चढते. ट्रंपेट-क्लॅरिनेटच्या बँडांना बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ या पट्ट्या सोयीच्या. सगळी धून बी मेजरमध्ये ऐकू येत असेल तर वेग तपासा. एखाद्या गायकाचा आवाज 'तरुणपणी बारीक होता' असं पुस्तकात वाचलं तर त्या लेखकाने कोणत्या वेगाने ऐकलं, हाही प्रश्न विचारा.

१९२५ पर्यंतच्या तबकड्या भोंग्यासमोर वाजवून घेतलेल्या आहेत. त्यात ड्रम पूर्ण ऐकू येत नाहीत, कारण मोठे ड्रम सुईला उडवत. ऑलिव्हरच्या १९२३ च्या ध्वनिमुद्रणांवरून ड्रमवादनाची शैली ठरवू नका.

१६. कोणती पुनर्प्रकाशित आवृत्ती घ्यावी?

'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' लिहिलेली टाळा. मोनो ध्वनिमुद्रण कृत्रिमपणे दोन कानांत पसरवलेलं असतं. खरखर अजिबात नसलेल्या जुन्या तबकडीबद्दल संशय धरा, कारण ती काढताना झांजांचा वरचा झंकारही जातो. धुनांची लांबी जुन्या प्रतीशी ताडून पाहा. 'मिंगस आह उम'च्या मूळ एलपीत काही सोलो छाटलेले होते, ते नंतरच्या आवृत्त्यांत परत आले. समीक्षेत उल्लेखलेला सोलो तुमच्या प्रतीत सापडत नसेल तर बहुधा हेच कारण.

१७. टेप कापून जोडलेला अल्बम ऐतिहासिक पुरावा मानायचा का?

मानायचा, पण कशाचा ते ठरवून. माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' (१८ फेब्रुवारी १९६९) मध्ये संपादक टिओ मॅसेरोने पहिल्या बाजूची सुरुवात शेवटी जशीच्या तशी पुन्हा जोडली. त्या परतण्याला 'वादकांनी मूळ कल्पनेकडे येणं' म्हणणारं विश्लेषण चुकीचं, कारण ते कात्रीने घडलं. तीच सुरावट दोनदा ऐकून पाहा, एकही झांज इकडची तिकडे नाही. अल्बमची रचना म्हणून मात्र तो निर्णय विचारात घेण्यासारखाच आहे.

१८. पुस्तकांत वादक स्त्रिया इतक्या कमी का?

इतिहास तबकड्यांवरून लिहिला गेला आणि तबकड्या कोणाच्या काढायच्या हे कंपन्यांनी ठरवलं, म्हणून. स्त्रियांच्या बँडांची ध्वनिमुद्रणं मोजकीच झाली. शेरी टकरने २००० मधल्या 'स्विंग शिफ्ट'साठी चाळीसच्या दशकात वाजवलेल्या स्त्रियांशी थेट बोलून ही बाजू उभी केली.

जिथे तबकडी आहे तिथेही नजर चुकते. ऑलिव्हरच्या १९२३ च्या सत्रांत पियानोवर लिल हार्डिन आहे, 'स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू' तिच्या नावावर आहे, तरी अनुक्रमणिकेत ती 'आर्मस्ट्राँगची पत्नी' म्हणून सापडते. नवीन पुस्तक हातात आलं की शेवटची सूची उघडा आणि लिल हार्डिन व पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांच्यापुढे किती पानांचे आकडे आहेत ते बघा, मग त्या पानांवर त्यांच्या वादनाबद्दल काही आहे का तेही. दोन मिनिटांत लेखकाची साधनं कुठली, याचा बराच अंदाज येतो.

१९. दोन चांगली पुस्तकं एकमेकांच्या विरुद्ध सांगतात. कोणाचं धरू?

आधी वाद कशाचा ते वेगळं करा. तारखेचा असेल तर प्रश्न ११ ची सूची. व्यक्तीच्या आयुष्याचा असेल तर प्रश्न ६ आणि ७. संगीताचा असेल, उदाहरणार्थ 'स्कॅट गायन (शब्दांऐवजी निरर्थक अक्षरं गाणं) १९२६ च्या हीबी जीबीज या गाण्यात आर्मस्ट्राँगच्या हातून शब्दांचा कागद पडल्यामुळे जन्मलं', तर तबकडी लावा. तो शब्द सोडतो ती जागा कोरसच्या चौकटीत व्यवस्थित बसते, आणि त्याआधीच्या तबकड्यांवर, क्लिफ एडवर्ड्सच्या उदाहरणार्थ, स्कॅट ऐकू येतं.

आणि वाद 'कोण थोर' असा असेल तर तो सोडवायचा नसतोच. दोन्ही लेखकांनी ज्या ध्वनिमुद्रणांची नावं घेतलीत त्यांची यादी करा आणि ऐका.